सोमवारचा नववा होल

सोमवार कॅडींचा. साहेबलोक नसतात.
मैदान आमचं,
खरं नववा होल कुणाचाच नसतो.

नऊ फूट. उतार उजवीकडून डावीकडं,
येळ्ळूरच्या गडाकडं.
इथले सगळे बॉल शेवटी गडाकडं वळतात
असं इराप्पा म्हणतो.
पंचवीस वर्षं गवत कापतोय तो,
त्याचे गुडघे जमीन वाचतात.

कप जवळच भरमा मुचंडी उभा,
झेंडा धरून, तंबाखू गालात.
त्याचं झालंय. हा पडला तर कुकर माझा,
पाच लिटरचा, पेटीबंद.

मी पटर घेऊन वाकलोय
आणि आत तीन माणसं भांडूलालीत.

एक कर्नल चेंगप्पा.
अकरा वर्षं त्यांची बॅग वाहिली.
"मनगट मेलंय समज, यल्लू. खांदे हलव.
सरळ मागं, सरळ पुढं."
ते सांगायचे आणि मला वडगावचा माग दिसायचा,
बाबांचा धोटा
इकडून तिकडं, तिकडून इकडं, रेघ न सोडता,
आणि लुगड्याचा काठ बोटाबोटानं वाढत जाताना.
खरं धोट्याला थांबायला
दोन्हीकडं पेटी असते.
माझ्या पटरला काय आहे?

दुसरा इराप्पा. आयुष्यात कधी खेळला नाही.
एकदा पंपाच्या खोलीशी नेऊन
दार उघडून मिटून दाखवलं. "नोड."
बिजागरी तुझ्या मणक्यात बसवलीय,
मग फळी गोलच जाणार.
ओढून सरळ केलीस तर करकरेल.
तो हे सगळं कानडीत बोलला,
मी मराठीत हो म्हटलं.
आमचं असंच चालतं. मधे कुणी लागत नाही.

तिसरा मीच, नऊ वर्षांचा.
तेव्हा होलभोवती हिरवळ नव्हती,
जळकं तेल घातलेली वाळू होती, तपकिरी,
चपलेला चिकटून घरापर्यंत यायची,
आई ओरडायची.
दांड्याला पोतं बांधून ती सारखी करायचं काम माझं.
साहेब गेले की वाकडी काठी, चिरलेला बॉल,
आणि गोटीसारखी मनगटाची टिचकी.
वाळू फाडत थेट भोकात!
वाळू गेली. गवत आलं, आंघोळ घातल्यासारखं.
टिचकी गेली नाही.
जकात नाका उठून किती वर्षं झाली,
तरी काही ड्रायव्हर तिथं अजून ब्रेकवर पाय ठेवतात, तशी.

"सावकाश," मागनं आवाज आला.
इराप्पाच असणार.
कानडीत म्हणाला की मराठीत,
ते त्या शब्दावरनं कळत नाही.

मारला.

कुठल्या पद्धतीनं, ते विचारू नका.
खांदे निघाले तर होते,
दार निम्मं उघडलंही,
शेवटच्या वितीत मनगट जागं झालं.
बॉल काठावरनं अर्धा फिरला,
आत डोकावला,
आणि बाहेर येऊन
गडाकडं तोंड करून बसला.

भरमानं कुकर सायकलला बांधला.
शिट्टी वाटेत दोनदा पडली. दुसऱ्यांदा मीच उचलून दिली.

रात्री सतरंजीवर वाटी आडवी ठेवली,
उलथणं घेतलं, लिंबू ठेवलं.
सरळ. गोल. टिचकी.
लिंबू तिन्ही वेळा कपाटाखाली गेलं.

"काय करूलालाय हे?" पारू म्हणाली.
"निवडूलालोय."
"मग हे तांदूळ निवडा की. खडे आहेत."

सूप पुढं ओढलं. बसलो.
खडा दिसला की बोट जात होतं.
खांद्यातनं निघालं की मनगटातनं,
बघायला सुचलं तेव्हा
तांदूळ संपले होते.